देवीनेही कौल दिला नाही

उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत गोमाजी पाटलांइतका सरळ माणूस दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतका घोळात पडणाराही नव्हता. भांडण बांधाचं असो की कोंबडीचं, दोन्ही बाजू ऐकल्या की त्यांना दोन्ही पटायच्या. "आमचे हे निवाड्याला बसले की दोघेही जिंकतात," असं त्यांची बायको रखमा म्हणे.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. शिमग्याच्या तोंडावर आवडी गावकीपुढे उभी राहिली. मनगट सुजून आलेलं, पाठीवर ओरखडे. शेजारी तिचा नवरा दत्ताराम, मुंबईच्या गिरणीतून सणाला आलेला.

"ह्यान मारलान मला, लाकडान," आवडी म्हणाली.

"खोटा आळ हाय, पाटीलबाबा! शेतात राब भाजायला फांद्यांचा भारा आणीत व्हती, उतारावर घसरली. मी हातसुदीक लावला नाय."

भारा घेऊन उतरताना बायका घसरतात, हे खरं. दारू पिऊन दत्ताराम आवाज चढवतो, हेही खरं. शेजारच्या बयाबाईने किंकाळी ऐकली होती, पण पाहिलं काहीच नव्हतं, आणि तिचं दत्तारामशी कुंपणावरून वाकडं होतं. आता बोला!

"वाळीत टाका त्याला," कोणी ओरडलं. वाळीत टाकलेल्याच्या दारी देवीची पालखी येत नाही, विस्तव मिळत नाही. पण गोमाजींनी हात वर करून त्याला थांबवलं. मागे वाडीतल्याच पांडूला असंच नुसत्या बोलण्यावरून वाळीत टाकलं, त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नाही, आणि पुढे तो निर्दोष निघाला. तो दिवस आठवला की त्यांना घास गिळवत नसे.

मग ठरलं, देवीलाच विचारू. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "दत्तारामनं मारलंन काय?" उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. गोमाजींना हायसं वाटलं. आपल्या डोक्यावरचं ओझं देवीच्या खांद्यावर!

ऊन कलंडलं. कळ्या सुकल्या. एकही पडली नाही.

"देवीनं पन अंग काढून घेतलंन," बयाबाई म्हणाली, तसे सगळे पुन्हा पाटलांकडे बघू लागले.

गोमाजींनी टोपी काढली, घातली, परत काढली. शेवटी म्हणाले, "कोनी बघितलं नाय. पुरावा मिळत नाय तवर दत्तारामला गुन्हेगार म्हनायचा नाय. त्याच्या दारी पालखी जाईल. पन आवडीला नको आसल तर तिला त्या घरात कोनी धाडायचं नाय. ती म्हायेरी ऱ्हाईल, हवं तवर."

लोकांनी माना डोलावल्या. साप मेला, काठीही मोडली नाही. गोमाजींना आयुष्यात पहिल्यांदा आपण शहाणे आहोत असं वाटलं.

आवडी मात्र हलली नाही.

"पाटीलबाबा, त्याला गुन्हेगार म्हनायचा नाय. बरं. मंग मी खोटी काय?"

"तसं नाय गो..."

"मंग मी खरी?"

गोमाजींनी तोंड उघडलं. तिचं खरं म्हणावं तर दत्ताराम बुडतो, गप्प बसावं तर ही. इतकी वर्षं निवाडे केले, पण असं कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. आवडीने सुजलेला हात पदरात घेतला आणि एकटीच माहेरच्या वाटेला लागली.