बाजाराच्या तोंडाला कुलूप

आमच्या मसाका गावच्या बाजारात तेओपिस्ताशी वाकडं घ्यायची कुणाची टाप नाही. ती मटोकेचे, म्हणजे हिरव्या केळ्यांचे घड विकते. आवाज असा की पार पलीकडची गिऱ्हाइकं वळून बघतात. मी तिच्या शेजारी वाळके मासे विकते, तेव्हा माझे कान गेलेच म्हणून समजा.

तिच्या भावाची लेक नबातांझी तिच्याकडेच राहते. कोवळी पोर, त्यात साखरेचा आजार जडलेला. आमच्यात मुलीला वळण लावायचं ते आत्यानंच, आईबापाचं तिथं काही चालत नाही. इन्सुलिनची सुई सुरू झाली, पोरीच्या अंगाला मांस लागलं आणि अख्खा बाजार खूश! "अगं बाई, काय जाड झालीस गं!" आमच्याकडे याहून गोड बोलणं नाही. जाड म्हणजे सुखी.

पोरीच्या काळजात मात्र तेच रुतलं. सुई घेतली की अंग भरतं, हे तिनं हेरलं. मग सुई घेतल्याचं नुसतं सोंग, आणि ताटातलं गुपचूप बकऱ्यांना. एक दिवस वर्गातच कोसळली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आत्याला समजावलं, "हे नखरे नव्हेत, हाही आजारच आहे. सुई तुमच्या डोळ्यांसमोर घेऊ दे. ताटावर भांडू नका, सोबत जेवा. इकडे बोलायला आणत जा. आणि तिच्या अंगाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही."

कुणी म्हणजे अख्खा बाजार! दुसऱ्या दिवशी तेओपिस्ता ओट्यावर चढली. "माझ्या पोरीला जाड, बारीक, काहीही म्हणाल तर दिवसभर माझे घड डोक्यावर वाहाल!"

आता आली का पंचाईत! पोर दिसली की बायका जिभा चावायच्या. टोमॅटोवाली रेजिना तर तोंड उघडून नुसती उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्या मांजराची तब्येत कशी आहे गं?" पोरीकडे मांजरच नव्हतं. ती खुदकन हसली. किती दिवसांनी हसली!

ईस्टरला तिचा बाप कंपालाहून आला. ट्रकवर असतो, त्याला यातलं काही ठाऊक नाही. मीही जेवायला होते. पोरीनं आत्यासमोर सुई घेतली, आम्ही चटईवर बसलो, आणि बाप लाडानं म्हणाला, "वा गं लेकी, काय गुबगुबीत झालीस!"

झालं! पोरीचा हात ताटातच थांबला. सुई तर टोचून झालेली. आता जेवली नाही तर साखर उतरून पोर हातची जायची. तेओपिस्ता भावावर तुटून पडणार असं वाटलं, पण तिनं ओठ घट्ट मिटले.

नबातांझी मान खाली घालून म्हणाली, "आत्या, मला खायची भीती वाटतेय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं ते तोंडानं सांगितलं.

"वाटू दे गं माझे बाई." तेओपिस्ता तिला अगदी चिकटून बसली. "दोघी मिळून घाबरू. आधी हा घास घे."

पोर रडत रडत जेवली, पण सगळं जेवली. बाप बिचारा विचारतोय, "मी काय वाईट बोललो?"

"तू आधी जेव!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.