सर्व्हरवाल्या मॅडम

"तू कोन म्हणून चालवायलास?" कुणीही अडचण घेऊन गेलं की मॅडमचा पहिला प्रश्न हाच. विचारताना त्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. समोरच्याच्या हाताखालचा कीबोर्ड ओढून घ्यायच्या.

परभणीतल्या एका खाजगी माती तपासणी प्रयोगशाळेत त्या सर्व्हर सांभाळायच्या. मी ताजी डिग्री घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो. शेतकऱ्यानं आमच्या वेबसाइटवर नमुन्याचा नंबर टाकला, की सर्व्हरवर एक कमांड चालून अहवाल तयार व्हायचा. म्हणजे व्हायला हवा होता. मी हातानं कमांड दिली की अहवाल निघे, पेजवरचं बटण दाबलं की कोरं पान.

"मॅडम, माझ्याकडं तर चालतंय," मी म्हणालो.

"मग शेतकऱ्याला बोलाव अन् मांडीवर बसवून दाखव."

सगळी खोली हसली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना शिकवण्याआधी समोरच्याला सोलून काढावं लागतं. जिंतूरच्या एका मुलीनं त्यांच्या जिभेपायी नोकरी सोडली होती. मला त्यांनी दोन दिवस तसंच झुंजवलं आणि मग सांगितलं, की पेज माझ्या नावानं काम करत नाही. सर्व्हरवर त्याचं वेगळं, मुद्दाम कमी अधिकारांचं खातं असतं. "तू घरचा हायस, ते दारातलं हाय. त्याला घराची किल्ली दिली म्हंजे गावाला दिली."

त्याच दुपारी अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

पेरणीच्या तोंडावर त्या चारठाण्याला पुतणीच्या लग्नाला गेल्या आणि पेज पुन्हा अडलं. दारात शेतकरी, माझ्या पाठीमागे प्रयोगशाळेचे साहेब. काहीही कर पण चालू कर, एवढंच ते म्हणत होते. मी एका ओळीत पेजला सगळे अधिकार देऊन टाकले. अहवाल धडाधड निघाले. साहेबांनी पाठ थोपटली. ती ओळ संध्याकाळी काढून टाकायची, असं मी ठरवलं होतं. काढली नाही.

तिसऱ्या दिवशी बाहेरच्या कुणीतरी नमुन्याच्या रकान्यात नंबराऐवजी कमांड लिहिली. पेजनं ती इमानदारीनं चालवली. सगळे अहवाल पुसले गेले, त्याच सर्व्हरला जोडून ठेवलेल्या राखीव प्रतींसकट.

मॅडम लग्नातल्या साडीतच आल्या. तासभर लॉग वाचला. कुणी कधी काय केलं ते सर्व्हर लिहून ठेवतो. माझं नाव तिथं वेळेसकट होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं.

सर्व्हर कोणाकडे असतो, साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडं. पर अधिकार कोनी दिले ते हितं लिव्हलंय." त्यांनी स्क्रीन साहेबांकडे फिरवली. हे आपल्याला कळत नाही, असं म्हणून साहेबांनी नजर वळवली. मग मॅडम मला म्हणाल्या, "सांग."

"बघावं लागंल, सर," मी म्हणालो.

साहेबांना सगळं आठवत होतं. मलाही. मॅडमनी माझं नाव का घेतलं नाही, ते मला आजही उमगलेलं नाही. त्याच दिवशी मॅडमना कामावरून काढलं. जाताना सगळ्यांसमोर त्यांची पिशवी तपासली गेली, जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. त्यांच्या बोलण्यानं पोळलेले सगळे बघायला उभे होते. कुणीतरी हसलं. मीही थोडा हसलो.

त्यांची खुर्ची मला मिळाली. महिन्याभरानं नवा सर्व्हर आला आणि पेज कोरंच. चार दिवस डोकं फोडून शेवटी निर्लज्जासारखा मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कमांडचा पूर्ण पत्ता लिव. ती कुठं ठेवलीय ते तुला ठाऊक हाय, पेजला न्हाई."

मी लिहिला. अहवाल निघाला.

"आला?"

"आला, मॅडम."

"अजून काई सांगायचंय?"

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मी ती संपेपर्यंत थांबलो.

"न्हाई, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.