रत्नमालेची दुसरी शिडी

गिरगावातल्या मृणालिनी अजिंक्य यांच्याशी वाद घालायचा तर भरपेट नाश्ता करून बसावं, कारण जेवणाच्या वेळेपर्यंत सुटका नाही. बाई त्रेसष्ट वर्षांच्या, आवाज खणखणीत, आणि एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. स्कूबा डायव्हिंग शिकणार, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा मुलगा यशोधन "आई, अगं तुझे गुडघे!" एवढंच बोलू शकला. "पाण्यात दुखत नाहीत," आई म्हणाली. विषय संपला.

हे खूळ काही आभाळातून पडलं नव्हतं. मृणालिनीबाई बावीस वर्षं फोर्टातल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत ट्रेसर होत्या. म्हणजे इंजिनीअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने जसाच्या तसा उतरवायचा. रेघ चुकली तर ब्लेडने अलगद खरवडायची. बाईंना एक ब्लेड वर्षभर पुरायचं, यावरून काय ते समजा.

एकोणनव्वद साली 'रत्नमाला' नावाच्या छोट्या मालवाहू बोटीचं इंजिनघर नव्याने बांधायला आलं. नकाशा उतरवताना बाईंच्या लक्षात आलं, की तिथून वर यायला एकच शिडी आहे, तीही इंजिनाला खेटून. आग लागली तर आतला माणूस निघणार कुठून? त्यांनी हेड ड्राफ्ट्समन शामरावांना विचारलं. "बाई, तुम्ही फक्त उतरवा," शामराव सगळ्यांदेखत म्हणाले. "बोटीत कधी पाय तरी ठेवलाय का?" ठेवला नव्हता, हे खरंच. बायकांना गोदीत पाठवतच नसत! बाईंचं डोकं असं सणकलं, की त्यांनी मागच्या भिंतीला दुसरी शिडी सरळ शाईने काढली आणि नकाशा सहीला पाठवून दिला. साहेबांनी चहा पिता पिता सही ठोकली.

शामरावांना कळेपर्यंत नकाशा गोदीत पोचला होता. "मिस्त्री हसतील तुम्हाला! असली शिडी कोणी बसवणार नाही," ते गरजले. महिन्या-दोन महिन्यांत बोट निघून गेली. शिडी बसली की नाही, हे बाईंना कुणी सांगितलं नाही, आणि मानी स्वभावामुळे त्याही विचारायला गेल्या नाहीत. पण ते सलत राहिलं. छत्तीस वर्षं सलत राहिलं.

मग गेल्या दिवाळीत सून मनवा अंदमानला जाऊन आली आणि तिने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एका बेटाजवळ उथळ पाण्यात जुनी, मोडीत निघालेली बोट मुद्दाम बुडवलेली होती, माशांना घर आणि डायव्हिंगवाल्यांना मजा म्हणून. पुढच्या टोकावर 'रत्नमाला' ही अक्षरं पुसट दिसत होती. बाईंनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "मला हिचं इंजिनघर बघायचंय."

शिकवणाऱ्या मुलीचं नाव पूर्वी, नायगावची, तिशीही न गाठलेली. दादरच्या पोहण्याच्या तलावावर तिने मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने फुंकून बाहेर काढायला सांगितलं. बाई चार वेळा खोकत, शिव्या घालत वर आल्या. पाचव्या वेळी जमलं. "काकू, एकदम कडक!" पूर्वी ओरडली. "ते असू दे, पुढचं सांग," काकू म्हणाल्या. शिडीची गोष्ट तोवर पूर्वीलाही पाठ झाली होती.

फेब्रुवारीत दोघी अंदमानात पोचल्या. "आत शिरायचं नाही हां, काकू," पूर्वीने होडीतच बजावलं. "छताला मोठं भोक आहे, तिथून वाकून बघायचं. मी खूण केली की मुकाट्याने वर."

अकरा मीटर खाली, कोमट पाण्यात, रत्नमाला सरळ बसली होती. बाईंना वाट दाखवावी लागली नाही, नकाशा अजून पाठ होता. हे पुढचं गोदाम, हा डोलकाठीचा बुंधा, आता मागे इंजिनघर. मध्येच टॉर्चच्या झोतात एक लालभडक तांबोशी मासळी आडवी आली. मासेखाऊ पाठारे प्रभूंच्या घरचा जन्म, दीड किलोची तरी असेल हे मनात आलंच. मग त्या भोकाशी ओणव्या झाल्या आणि टॉर्च खाली धरला.

इंजिनाशेजारची शिडी अर्धी कोसळलेली दिसली. मागची भिंत मात्र गाळाने गढुळलेली, काही म्हणता काही दिसेना. पूर्वीने टाकीतली हवा दाखवणाऱ्या काट्यावर बोट ठेवून वर चलायची खूण केली. बाईंनी हात जोडले. पूर्वीने एकच बोट दाखवलं, एक मिनिट. टॉर्च न हलवता बाई तशाच थांबल्या, आणि हळूहळू गाळ खाली बसला.

शिडी होती. नऊ पायऱ्या, काढल्या होत्या तेवढ्याच. आणि तिच्या कडेने वरपर्यंत एक पाइप गेला होता, हाताने धरायला. तो बाईंनी काढलाच नव्हता. वेल्डिंग इतकं वेडंवाकडं, की गोदीतल्या मिस्त्रीचं ते काम नव्हेच.

होडीत चढल्यावर पूर्वीने मास्क काढायच्या आधीच विचारलं, "होती?"

"होती," बाई म्हणाल्या. "आणि बोटीवरच्या कुणीतरी तिला दांडी लावलीय गं. हाताशी मिळेल तो पाइप घेऊन, स्वतःच्या हाताने." त्यांचा तो खणखणीत आवाज फुटला आणि त्या हमसून रडायला लागल्या. "वापरत होते गं ती. रोज वापरत होते."