जाड दाण्याची बारूद

दिघोरीकडं आमची धानाची शेती. धान निसवून लोंब्या आल्या की रानडुकरं येतात, त्यांना काही अक्षता द्यायला जावं लागत नाही. म्हणून आमच्या ह्यांच्याकडं परवान्याची भरमार बंदूक होती. नळीच्या तोंडातून बारूद ठासायची, तशी जुनी. छर्रा मात्र ह्यांनी त्यात कधी घातला नाही. "त्याइलेबी पोट आहे," म्हणायचे. नुसती बारूद, वरून चिंधी, आणि आभाळाकडं तोंड करून बार. डुकरं जंगलाकडं धूम. दिवेलागणीला तो आवाज घरी आला की मी चुलीवरचा भात उतरवायची. थोड्या वेळात स्वारी दारात.

आल्या आल्या पहिला प्रश्न, "कसा आला?" बंदूक ज्याच्या हातात, त्याचे कान तर बधिर होतात. आवाज गावात कसा पोचला ते घरी बसलेल्या माणसालाच कळणार. म्हणून बारूद घ्यायला हे मला भंडाऱ्याला सोबत न्यायचे. दुकानात मी एकटीच बाई. बारूद बारीक दाण्याची मिळते, जाड दाण्याचीही. हे दुकानदाराला हसत सांगायचे, "बारीक म्हणजे सासूचं बोलणं, टचकन लागते. जाड म्हणजे सासऱ्याची हाक, दूर जाते. आमच्या घरी हाक पायजे." मी पदराआडून चिमटा काढायची.

पोळा झाला की कोरडं ऊन बघून निघायचं. ढगाळ दिवशी नाही, बारूद ओल पिते. परत येताना फटफटीवर डबा माझ्या मांडीवर. चहाची टपरी आली की हे मला रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली उभं करायचे, कारण टपरीवर स्टोव्ह पेटलेला. मग माझा चहा हातात घेऊन रस्ता ओलांडत यायचे. येईपर्यंत अर्धा सांडलेला. "आता मी काय पिऊ, कपाळ?" मी म्हणायची. त्या अर्ध्या चहासाठी आज जीव तुटतो माझा.

हे गेले. परवाना लेकाच्या नावावर झाला. लेक दोन पोरांचा बाप आहे, पण बारूद आणायला गेला आणि दुकानदारानं जी पुढं केली ती घेऊन आला. त्या संध्याकाळी शेतातून आवाज आला, वाळली काडी मोडावी तसा. मी चुलीपाशी वाट बघत बसले, की बार अजून व्हायचा आहे. भात खालून करपला.

लेक आला, हात धुतले, जेवायला बसला.

"आई, भात करपला."

"अन् तुझा बार? बारीक कायले आणली?"

"डुकरं पळाले ना पण."

"डुकरं पळाले. मी का डुकराइतली आहे? मले तो आवाज पायजे."

बोलून गेले आणि रडूच आलं. सुनेनं पाण्याचा गडवा माझ्यापुढं ठेवला. लेकानं ताटातलं करपलेलं सगळं खाल्लं.

यंदा मी सांगून टाकलं, मीच येणार. लेक म्हणाला, आई, कंबर दुखते तुझी. दुखते तर दुखू दे, कान तर शाबूत आहेत! दुकानात गादीवर आता दुकानदाराचा मुलगा बसतो. त्यानं पांढऱ्या कागदावर थोडी बारूद ओतली. मी बोटांत घेऊन चोळली. बोटं काळी झाली, सगळा भुगा.

"काकू, सारे हीच नेतात. आवाज कडक येते."

"कडक नको बाप्पा. दूर जाणारा पायजे. जाड दाणा काढ."

तो मागं गेला, बराच वेळ धुंडाळत राहिला आणि एक बंद डबा घेऊन आला. दाणा मोकळा, कोरडा, बोटाला न लागणारा. मी तो तळहातावर धरला आणि बाजूला बघितलं. बाजूला लेक मोबाईल बघत होता.

त्याच आठवड्यात बार झाला. मी सुनेला चुलीपासून उठवून स्वतः बसले होते. आधी छातीत जाणवला, मग कानात आला. तलावावरून गेला आणि पलीकडच्या झाडीत जाऊन विरला. तोच. अगदी तोच. मी उठले, केस सारखे केले, पदर नीट घेतला. दारात जाऊन उभी राहिले. अंगणाच्या फाटकाशी चपला वाजल्या आणि मी उंबरा ओलांडून पुढं झाले.

लेक आला. खांद्यावर बंदूक, तोंडभर हसू. आईसाठी आवाज जमवला होता त्यानं. इतकं गुणी लेकरू, आणि मला त्याचा असा राग आला.

"तू कायले आला?" मी म्हटलं.