गोणीचं तोंड मी धरलं होतं

आमच्या घरात तीन म्हातारी होती. आई शहाऐंशीची, आणि पंधरा-पंधरा वर्षांची दोन मांजरं, एक पिवळा बोका आणि एक काळी मांजरी. तिघांचं करायला मी एकटी. आईसाठी मी शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली, तेव्हा तारकर्लीतल्या सगळ्या बायका म्हणाल्या, "पुण्याचा काम गो." त्यातली एकही आपणहून कधी तासभर आईजवळ येऊन बसली नाही. पुण्य सगळंच्या सगळं मला ठेवलं होतं.

सकाळी उठल्यावर आईचं डायपर बदलायचं, अंग पुसायचं, साखर तपासायची, गोळ्या कुटून पेजेत कालवायच्या. मग मांजरीकडे वळायचं. तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. गुरांचे डॉक्टर आधी हसले, मांजराला कोण सलाईन लावतं म्हणाले, पण नंतर त्यांनीच मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई कशी घालायची ते मला शिकवलं. एक दिवसाआड मी तिला मांडीवर घेऊन बसायचे. बोक्याचे दात पडले होते. दुपारी उकडलेल्या बांगड्याचे काटे आधी आईसाठी काढायचे, मग बोक्यासाठी. दोघांनाही घास कुस्करूनच लागायचा. कधीकधी कुणाची वाटी कुठली ते माझं मलाच कळायचं नाही.

हे सगळं मी केलं असतं, हसत केलं असतं. पण आई मला विसरली होती.

एकदम नाही विसरली. आधी नाव गेलं, मग नातं गेलं. दोन वर्षं ती मला कामाला येणारी बाई समजत होती. संध्याकाळ झाली की काळजीने म्हणायची, "बाये, काळोख पडाच्या आधी घराक जा. तुझी आये वाट बघत आसतली." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. पुढे पुढे "होय, जातंय" म्हणायचे आणि तिच्यासाठी भात लावायचे.

मांजरांना मात्र ती विसरली नाही. घरात मासळी आली की पहिला तुकडा मांजराचा, हा तिचा जन्माचा नेम. मासे कापायला बसली की पाटाच्या कडेला आधी एक डोकं ठेवायची, मग बाकीचं. आता हातात विळी देण्यासारखी ती राहिली नव्हती, पण नेम शाबूत होता. ताट समोर आलं की विचारायची, "मांजरां जेवली?" दोघं येऊन बसली, त्यांना पहिला घास पडला, की मगच तिचं तोंड उघडायचं. बोका आला की चेहरा उजळायचा. शेजारच्या होम स्टेमधले पर्यटक कुंपणावरून फोटो काढायचे. किती गोड, म्हणायचे. फोटोत मी नसायचे, मी भरवणारी होते.

खोटं कशाला बोलू? मला त्या मांजरांचा हेवा वाटायचा. पंचावन्न वर्षांच्या बाईला मांजरांचा हेवा वाटतो हे सांगायचं कुणाला? ज्यांना मी टोचत होते, ज्यांची घाण काढत होते, त्यांची आईला ओळख होती आणि मला नव्हती.

मे महिन्यात दादा मुंबईहून आला. आईला बघायला, असं तो म्हणतो. दरवर्षी आंबे भरलेल्या पेट्या घेऊन परत जातो, तेव्हा बघणं त्यातच होत असेल. तो पायरी चढला आणि आईने मान वर केली.

"इलस रे बाबा?" म्हणाली. बघताक्षणी ओळखलं. मग माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाली, "चाय घे. ह्या बायेक सांग."

मी चहा केला. साखर घातली की नाही ते आठवत नाही.

दादा चार दिवस होता. चार दिवसांत त्याला घरातला एकच दोष सापडला. "आयेक दम लागता आणि तू मांजरां पोसतंस? डॉक्टर केसांबद्दल काय बोललेलो ता इसारलंस?" डॉक्टर ते एकदा, दोन वर्षांपूर्वी बोलले होते. त्यानंतर आईचा दम मी सांभाळला होता, त्याने नाही. पण मी वाद घातला नाही.

"तेंका खंय सोडतलस?" एवढंच विचारलं.

"बंदरार. थंय माशांका काय कमी? हयल्यापेक्षा बरी रवतली."

आमच्याकडे हे काही नवं नाही. नकोशी मांजरं गोणीत घालायची आणि मालवणच्या बंदरावर नेऊन सोडायची. तिथे मासळी उतरते, मांजर उपाशी मरणार नाही, म्हणजे सोडणाऱ्याला पापही नाही. निघताना अंगणात गोणी तीनदा गोल फिरवायची, म्हणजे जनावराला घराची दिशा सापडत नाही. लहानपणी आम्ही दोघांनी हे शंभरदा पाहिलं होतं. पण मे संपत आला होता. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली झाकतात, बंदरावर माशाचं खवलं दिसत नाही. मुंबईत राहून दादा हे विसरला असेल. मी विसरले नव्हते. आणि सुईविना मांजरीचे किती दिवस, हेही मला पक्कं माहीत होतं.

दादाला मांजरं हाती लागेनात. तो पुढे झाला की पलंगाखाली जायची. शेवटी मी त्यांची वाटी वाजवली. दोघं बाहेर आली, माझ्या पायाला अंग घासलं. दादाने उचलून आत टाकली. तांदळाच्या गोणीचं तोंड मी धरलं होतं. आई खुर्चीत बसून बघत होती. तिला काय कळतंय, असं मला वाटलं.

खरं सांगायचं तर गाडी वळेपर्यंत मला हलकं वाटलं. आता या घरात आईने ओळखावं असं माझ्याशिवाय कुणी उरणार नाही, असं काहीतरी वेडं मनात आलं होतं. दादा तसाच पुढे मुंबईला गेला.

दुपारी ताट समोर आल्यावर आईने विचारलं, "मांजरां जेवली?"

"होय, जेवली."

मांजरं येऊन बसायची त्या जागेकडे तिने पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तिने ओठ मिटले. रात्री तेच, दुसऱ्या दिवशी तेच. पेज ओठांवरून गळ्यात ओघळायची. मी रागावले, विनवण्या केल्या, एकदा जबरदस्तीने चमचा आत घातला तर तिने पेज थुंकली. दादाचा फोन आला, "काय गो, काम कमी झाला मा?" मी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही जाईना, तेव्हा मी घाबरले. शेजारणीपुढे हात जोडले, तिला आईजवळ बसवलं आणि रिक्षाने बंदर गाठलं.

बंदरावर शेवटच्या होड्या वर घेत होते. जाळी घड्या घालून ठेवली होती. मी वाकून वाकून प्रत्येक होडीखाली बघत होते. रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका मासेवालीने हटकलं.

"काय गो, काय सोधतंस?"

"मांजरां. एक पिवळो बोको, एक काळी मांजरी."

"सोडलंस आणि आता सोधूक इलंस?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "समदी हाडून हयसरच टाकतत. बोको आसा त्या होडयेखाली. दात नाय तेका. परवा बांगड्याचा डोक्या टाकलंय, नुसतो चाटी होतो. काळी काय माका दिसाक नाय."

बोका होडीखालच्या सावलीत होता. मी वाटी आणली नव्हती, हात पुढे केला. तो मागे सरकला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. शेवटी मासेवालीनेच त्याला मानगुटीला धरून माझ्या ओढणीत गुंडाळून दिलं. मांजरीला मी दुपारपर्यंत शोधलं. ती कुठे गेली ते मला अजून माहीत नाही, आणि माहीत नाही असं म्हणणं हाही माझा खोटेपणाच आहे.

घरी आल्यावर बोक्याला आईच्या मांडीवर ठेवलं. तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला.

"दुसरां खंय गेलां?"

"येतला," मी म्हटलं.

मी भात कालवला, बांगड्याचे काटे काढले, पहिला घास बोक्यापुढे ठेवला. त्याने हळूहळू चाटून संपवला. मग आईने तोंड उघडलं. एक घास, दोन, तीन. तीन दिवसांनी अन्न तिच्या पोटात जात होतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिचे ओठ पुसताना तिच्या गालाला गाल लावला.

तिने चेहरा बाजूला घेतला. बोक्याला छातीशी ओढलं आणि माझ्याकडे नीट, अगदी ओळखीच्या नजरेने पाहिलं. मग खाली वाकून त्याच्या कानात म्हणाली, "ह्या बायेकडे जाव नको हां. ही गोणयेत घालता."

दादाचं नाव तिने काढलं नाही. दोन वर्षांत आईच्या लक्षात राहिलेली माझी ही एकच गोष्ट.