केवळरामच्या मशीनचा रोग

गोंदियाजवळच्या कुडव्याची समीक्षा रामटेके कॉम्प्युटर दुरुस्त करायची आणि गिऱ्हाइकांना झापायची. दोन्हींत तिचा हात धरणारं गोंदियात कुणी नव्हतं. "मशीन आपोआप बिघडलं," असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरे. बापाने दारूच्या नशेत आईचं डोकं फोडलं, तेव्हा तोही "आपोआप पडली" असंच म्हणाला होता. तेव्हापासून त्या शब्दाशी तिचं हाडवैर.

२००७ साली अर्जुनी मोरगावच्या केवळरामने तिला बोलावलं. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाचे अल्बम त्याची बायको चंदा कॉम्प्युटरवर जुळवायची. काही दिवसांपासून मशीन कामाच्या मध्येच बंद पडे आणि सुरू केलं की फोटो गायब. दर वेळी केवळराम चंदाला बडवायचा. गेल्या खेपेला त्याने तिची बोटं दारात चेंगरली होती. काळीनिळी बोटं पदराखाली लपवून ती उभी होती.

"इच्याच हातात दोष हाये, मॅडम," तो म्हणाला. "आता हे फोटो गेले तं हातच तोडतो इचा."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं समीक्षाला तिथंच वाटलं. दातओठ खात ती कामाला बसली. डिस्क ठणठणीत होती, व्हायरसही नव्हता. कोणती फाईल कुठं ठेवली याच्या डिस्कवरच्या नोंदी तेवढ्या विस्कटल्या होत्या. फाईल लिहिली जात असतानाच वीज तुटली की असं होतं. फोटो असतो, पण मशीनला तो सापडत नाही. तिने हरवलेले फोटो शोधून दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. हळदीने माखलेली नवरी पडद्यावर दिसली तशी चंदा ढसाढसा रडली.

पण वीज तुटत होती कुठं?

"मशीन बंद पडते तवा दुकानातली लाईट जाते का?" समीक्षाने चंदाला विचारलं.

चंदाने नवऱ्याकडे पाहिलं.

"तिले कायले पुसता? मले पुसा ना!" केवळरामने टेबलावर मूठ आपटली.

पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा मात्र फिरतच होता.

समीक्षाने मशीनच्या मागे हात घालून पाहिलं. विजेची वायर ढिली होती, टेबल हादरलं की सुटत होती. "आदळआपट तुमी करता, मशीन बंद पडते, अन् मार खाते तुमची बायको," ती म्हणाली.

केवळराम त्या वायरीकडे बघत राहिला. मग गर्रकन वळून त्याने चंदाच्या कानाखाली जाळ काढला.

"मंग तुनं वायर काऊन नाई दाबली?"

समीक्षाने कीबोर्ड उपसला आणि त्याच्या तोंडावर हाणला. बटणं उडाली, ओठ फाटला, रक्त शर्टावर ओघळलं आणि तो मटकन खाली बसला. तिने पुन्हा हात उगारला तर चंदाने तिचं मनगट गच्च धरलं. समीक्षाच्या अंगाची लाहीलाही झाली. एवढं सोसूनही ही बया नवऱ्यालाच वाचवते!

"ताई, तुमी सरका," चंदा म्हणाली. तिने समीक्षाच्या हातातून कीबोर्ड काढून घेतला आणि नवऱ्याच्या डोक्यात घातला.