वकीलबाई आणि आमचा बदललेला आवाज

महाडच्या कोर्टातून सुटल्यावर वकीलबाई घरी जात नसत, आमच्याकडे येत. पांढरी साडी, काळा कोट, काखेत फायली. बाजारपेठेमागच्या गोदामात आमच्या बँडचा सराव चाले. तिथे स्पीकरच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "हं. आता ओरडा." गिटारी कडाडायला लागल्या की पन्नाशी ओलांडलेल्या या बाई डोळे मिटून मान अशी हलवत, की अंबाड्याच्या पिना जमिनीवर पडत. सराव संपला की आम्ही त्या वेचून द्यायचो.

बँडचं नाव 'कडेलोट'. समीर गायचा, रव्या ड्रम वाजवायचा आणि मी बेस गिटार. आमच्या कार्यक्रमाला दासगावपासून पोलादपूरपर्यंतची कॉलेजची पोरं यायची आणि त्यांच्यात पुढच्या रांगेत या बाई. एकदा कोणीतरी त्यांना म्हणालं, "मॅडम, या वयात भजनाला बसावं." बाई म्हणाल्या, "दिवसभर मी 'साहेब, माझी विनंती आहे' असं खालच्या आवाजात म्हणत असते. संध्याकाळी माझ्या वतीने कोणीतरी ओरडायला नको?"

कौतुक त्या फुकट करत नसत. नवं गाणं संपलं की कोटाची बटणं लावून उभ्या राहत आणि निकाल देत. "समीर, तुला राग आलेला नाही. राग आलाय असं तू नुसतं सांगतोयस. दुसरं कडवं परत लिही." समीर चिडायचा, पायाने वायर उडवायचा आणि परत लिहायचा. इथल्या एका साप्ताहिकात बाईंचं सदर होतं. त्यात नळाचं पाणी, स्टँडवरचे खड्डे आणि आमची गाणी यांना सारखाच मान असे.

मग एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी गोदामात शिरलं. ड्रम, स्पीकर, माझी गिटार, सगळं चिखलात गेलं. समीरची साधी लाकडी गिटार घरी माळ्यावर होती म्हणून वाचली. ती घेऊन आम्ही पोलादपूरच्या वर डोंगरात, रव्याच्या वाडीवर जायला लागलो. त्याच्या पडवीत ओरडून गायचा संकोच वाटायचा. शेजारी रव्याची आई तांदूळ निवडत बसलेली असायची. रव्या गावची ढोलकी बोटांनी हळू वाजवायचा. समीरचा आवाज आपोआप खाली आला. माणसं मुंबईला गेली म्हणून कुलूप लागलेल्या घरांवर त्याने गाणी लिहिली. पुढे नवं सामान घेण्याची सोय झाली, पण तोवर आम्हाला हाच आवाज आवडायला लागला होता.

ती गाणी आम्ही इंटरनेटवर टाकली आणि गहजब झाला. "कडेलोट कसला, ही तर घसरगुंडी हाय," असं दासगावच्या एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, "अंगाई कोणासाठी रे?" एका जुन्या चाहत्याने आमच्या नावाच्या टी-शर्टने मोटरसायकल पुसतानाचा फोटो टाकला. पुण्याच्या एका समीक्षकाने मात्र 'यांना मातीचा सूर गवसला' म्हणून पाठ थोपटली. ते वाचून रव्या म्हणाला, "माती काढून काढून कंबर मोडली आमची, आणि याला सूर गवसला!"

आम्ही वाट पाहत होतो ती बाईंच्या सदराची. त्यांनी लिहिलं, "नवी गाणी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मला काहीच ऐकू आलं नाही."

या वाक्याने आमचं कंबरडं मोडलं. जो तो तेच लिहू लागला. पोरं रस्त्यात समीरला अडवून कानामागे तळहात धरून दाखवायची. समीर म्हणाला, "मॅडमनाच ऐकू येत नसेल, तर गायचं कोणासाठी?" त्याने गिटार खोळीत घातली. रव्याने मुंबईच्या मामाला नोकरीसाठी फोन केला.

हे बाईंच्या कानावर गेलं आणि एका रविवारी त्या पोलादपूरपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने थेट वाडीवर आल्या. पडवीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मी टीका केली. दुकान बंद करा म्हणाले नव्हते. माझ्यासमोर वाजवा, म्हणजे काय बिनसलंय ते सांगते."

समीरने नाइलाजाने गिटार काढली. बाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. चष्मा सापडला, तो पुसता पुसता मान खाली घालूनच म्हणाल्या, "मुहूर्त बघताय का? करा की सुरू."

समीर दुसऱ्या कडव्यावर होता. त्याने डोळे उघडले. रव्याची बोटं ढोलकीवर थांबली. रव्याची आई म्हणाली, "अवो बाई, कवाधरनं वाजवतायत ती. तुमाला आयकू नाय येत काय?"

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाणी मागितलं. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "कोर्टात साहेब हल्ली पुटपुटतात, असं वाटायचं मला." आणि पदराने तोंड पुसत, "बाहेर बोलू नका रे. कमी ऐकणाऱ्या वकिलाकडे अशील कशाला येतील?"

आम्ही शब्द दिला आणि पाळला.

पुढचा कार्यक्रम महाडातच होता, आधीपासून ठरलेला. समीर कसाबसा तयार झाला. पहिल्याच गाण्याला मागून आरोळी आली, "ऐकू येत नाय!" मग सगळं मैदान तालात तेच म्हणू लागलं. समीरने गिटार खाली ठेवली.

तेवढ्यात वकीलबाई पदर खोचून स्टेजवर चढल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई आता आमची आणखी सालटी काढणार. समोर त्यांचे अशील होते, बाररूममधले वकील होते. बाईंनी माइक घेतला.

"ते वाक्य माझं आहे, तेव्हा त्याचा अर्थही मीच सांगते. मला कमी ऐकू येतं. या गाण्यांत काय आहे, ते मला माहीत नाही. तुमचे कान धड आहेत ना? मग बसा, ऐका आणि नंतर हव्या तेवढ्या शिव्या घाला. न ऐकता निकाल द्यायचा नाही. तो मी दिला, माझं चुकलं."

आम्ही वाजवलं. काही उठून गेले, बरेच बसले. शेवटी टाळ्या बेताच्याच पडल्या. एकाने जुनं गाणं मागितलं, तेही म्हटलं. पण रव्याने मामाला पुन्हा फोन केला नाही.

बाईंना त्या संध्याकाळची किंमत मोजावी लागली. अशील पांगले. जे राहिले ते त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं तोंड मोठं करून बोलत, ते त्यांना जास्त लागलं. वर्ष सरायच्या आत वकिली आवरून त्या पुण्याला मुलीकडे गेल्या.

तिथे झाली ती आमची शेवटची भेट. कानात यंत्र बसवलं होतं. "कुकरची शिट्टी असह्य होते," म्हणाल्या. मग आम्हाला समोर बसवून त्यांनी आमची सगळी नवी गाणी लावली. डोळे मिटले नाहीत, मान हलवली नाही. शेवटचं गाणं संपल्यावर म्हणाल्या, "आता नीट ऐकलं. मला जुनीच आवडतात."

समीर खो खो हसला.

"हसू नकोस. आधी लिहिली होती ती तक्रार. हे माझं मत आहे." त्यांनी यंत्र जरा सारखं केलं. "ते कुलपांचं गाणं आहे ना, त्यात मध्येच कोणीतरी खोकतं. कोण?"

"आई," रव्या ओशाळून म्हणाला. "नवीन रेकॉर्डिंग करतोय, त्यात काढून टाकतो."

"काढलंस तर बघ," वकीलबाई म्हणाल्या. "त्या गाण्यातल्या बंद घरात तेवढं एकच माणूस आहे."

आम्ही तो खोकला काढला नाही. आता लोक ते गाणं मागतात आणि खोकल्याच्या जागी पुढच्या रांगेतली पोरं मुद्दाम खोकतात. रव्याची आई कार्यक्रमाला आली असली की तोंडाला पदर लावते.